नागरिकांसाठी दहा मिनिटं

"फेटा?" मी जवळजवळ ओरडलेच. "तात्या, आपण भांडायला निघालोय का वरात घेऊन?"

ज्ञानूतात्या दारात बसून केशरी कापडाला इस्त्री करत होते. कापडाचं एक टोक त्यांच्या गुडघ्याखाली, दुसरं खाटेवर बसलेल्या वैजूच्या हातात. वैजू त्यांची नात. आजोबा फेटे बांधणारे, त्यामुळे कापड ताणून धरायचं काम तिला पाळण्यात असल्यापासून येत असावं.

"भांडायला कुणीबी जातंय, शालन," तात्या म्हणाले. "आपण मानानं जायचं. माणूस खूश झाला की त्याचे कान उघडतात."

"फेट्यानं कान झाकले जातात, तात्या."

वैजू खुदकन हसली. तात्यांनी तिच्याकडं डोळे वटारले, पण तेही हसले.

"तू नगं काळजी करू," ते मला म्हणाले. "माझी सारी हयात ह्यात गेलीय. फेटा बांधताना माणूस पुढ्यात बसतो आन् मान खाली घालतो. वरबाप असूदे, न्हाईतर आमदार असूदे. त्या वक्ताला जे मागाल त्याला तो न्हाई म्हणत न्हाई. मानपानावरनं अडून बसलेले किती व्याही मी असे खाली आणलेत, तुला म्हाईत न्हाई."

मी कपाळावर हात मारला आणि तिथंच पायरीवर बसले.

ही गोष्ट बरीच जुनी आहे. तेव्हा माझं शिवणाचं दुकान नुकतं लागलं होतं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी महापालिकेची अकरा नंबरची, सातवीपर्यंतची शाळा होती. कौलारू, चार खोल्या, पुढं लिंबाचं झाड. वैजूच्या डाव्या पायात पोलिओनं जीव राहिला नव्हता. पायाला लोखंडी पट्ट्या बांधून, आधी घराच्या भिंतीला, मग गटाराच्या कठड्याला, मग बशीरभाईंच्या सायकल दुकानाच्या खांबाला धरत ती शाळेत पोचायची. कुणाला हात लावू द्यायची नाही. त्या वर्षी ती चौथीत होती आणि वर्गात पहिली यायची. आई गेलेली, बापानं दुसरं घर केलेलं. तिला होते ते तात्या आणि ही शाळा.

आणि ती शाळा महापालिका बंद करणार होती. पटावर मुलं कमी आहेत म्हणून ती तीन नंबरच्या शाळेत घालायची, असं ठरत होतं. तीन नंबरची शाळा बायपासच्या पलीकडं. तो रस्ता ओलांडताना धडधाकट माणसालाही देव आठवायचा. दिवसभर ट्रक, उसाच्या गाड्या, एसटी. वैजूला तो रस्ता ओलांडणं शक्यच नव्हतं. शाळा गेली की तिचं शिक्षण गेलं, हे गल्लीत पोरासोरांनाही कळत होतं.

शाळेतल्या कुंभारबाई एक दिवस माझ्या दुकानात ब्लाऊजचं माप द्यायला आल्या आणि आवाज खाली करून म्हणाल्या, "विषय प्रभाग समितीपुढं येतोय हो. आम्ही नोकरीतली माणसं, आम्हाला तोंड नाही. पण नागरिकांना तिथं जाऊन बोलता येतं. तुम्ही जा."

"नागरिक म्हणजे कोण?"

"तुम्हीच की!"

मला आजवर कुणी नागरिक म्हणालं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी मशीनवर कापड टाकून प्रभाग कार्यालयात गेले. तिथं घोंगडे नावाचे एक लिपिक होते, डबा खात बसलेले.

"प्रभाग समितीच्या सभेला आम्हाला येता येतं का?"

"येता येतं की. खुली असते सभा. मागं नागरिकांसाठी खुर्च्या टाकलेल्या असतात."

"मग कुणी येतं?"

"कुणी नाही. म्हणून आम्ही त्यावर फायली ठेवतो."

"आणि बोलता येतं?"

त्यांनी चपातीचा घास खाली ठेवला. असा प्रश्न त्यांना कुणी विचारला नसावा. "सभा सुरू झाली की पहिली दहा मिनिटं नागरिकांसाठी. आधी अर्ज द्यायचा. कोणत्या विषयावर बोलणार ते लिहायचं. एकानंच बोलायचं, सभापतींच्या परवानगीनं. दहा मिनिटं झाली की घंटी. त्यानंतर नागरिकांनी फक्त ऐकायचं."

"आणि परवानगी नाही दिली तर?"

"देतील हो. आजवर कुणी मागितलीच नाही."

मी तरंगतच घरी आले. खरंच सांगते, मला त्या दिवशी असं वाटलं की शाळा वाचलीच. इतकं सोपं असताना आपण नुसते कट्ट्यावर बसून शिव्या काय देतो, असं वाटलं.

संध्याकाळी बशीरभाईंच्या दुकानापुढं आम्ही जमलो. कोण बोलणार हा प्रश्न निघाला. मी म्हटलं, मी बोलते. मग बशीरभाई म्हणाले, "शालनवहिनी, राग नका मानू. पण तुम्ही तोंड उघडलं की समोरचा माणूस आधी चप्पल शोधतो."

"मग तुम्ही बोला."

"मी बोललो तर म्हणतील, ह्याच्यामागं कोण आहे. विषय शाळेचा ऱ्हाईल बाजूला." त्यांनी स्पोक रिममध्ये अडकवला आणि चाक फिरवलं. "तात्यांनी बोलावं. वय आहे, नात त्यांची आहे. म्हाताऱ्या माणसाचं कुणी मोडत न्हाई."

सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. अर्जावर ज्ञानू भिवा तोडकर हे नाव गेलं आणि घोंगड्यांनी त्यावर शिक्का मारला.

"काय बोलणार, तात्या?" मी रोज विचारायची.

"तिथं हुभं ऱ्हायलं की सुचंल."

"अहो, जरा म्हणून तरी बघा."

"मी काय गॅदरिंगातलं पोरगं हाय व्हय?"

आणि सभेच्या दिवशी सकाळी बघते तर हे दारात बसून फेट्याला इस्त्री करताहेत. नव्यानं सभापती झालेले दिनकरराव सावर्डेकर, त्यांचा म्हणे सत्कार करायचा. गल्लीतल्या चार-सहा बायकांनी नारळ आणि हारही आणून ठेवला होता. पहिल्यांदा कुणाच्या दारात जायचं तर मोकळ्या हातानं कसं जायचं, असं सगळ्यांचं म्हणणं. मी एकटी नाही म्हणत होते, आणि एकटीचं कोण ऐकतंय!

वैजूला यायचं होतं. तिनं वेणी घालून घेतली होती, शाळेचा फ्रॉक घातला होता.

"मलाच बघितलं तर त्यांना कळंल," ती म्हणाली.

खरं होतं ते. पण सभागृह दुसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद, आणि तिला उचललेलं आवडायचं नाही. तात्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"तू थांब घरी. मी बोलून येतो."

"सगळं सांगा हं. रस्त्याचं पण."

"सगळं सांगतो."

सभागृहात पंखे गरगरत होते. लांबलचक टेबल, त्याभोवती नगरसेवक, अधिकारी, मध्ये उंच पाठीच्या खुर्चीत सभापती. चहा आणि बिस्किटं फिरत होती. घोंगड्यांनी आम्हाला बघितल्यावर लगबगीनं खुर्च्यांवरच्या फायली उचलल्या आणि पदरानं धूळ झटकत आम्ही बसलो. बशीरभाई, मी, गल्लीतल्या बायका. तात्या पुढच्या खुर्चीत, मांडीवर गाठोडं घट्ट धरून. त्यांचे हात थरथरत होते. मी पाण्याचा ग्लास पुढं केला, त्यांनी नको म्हणून मान हलवली.

"आजच्या सभेत नागरिकांकडून एक अर्ज आहे," घोंगडे उभे राहून म्हणाले. "ज्ञानू भिवा तोडकर."

सभापतींनी मान वर केली. "कोण? फेटेवाले ज्ञानूतात्या? अहो, माझ्या लग्नात फेटा तुम्ही बांधलेला!"

तात्यांचा चेहरा असा काही उजळला म्हणता! ते उठले, पुढं गेले, वाकून नमस्कार केला. "सायेब, सभापती झाला, आमच्या गल्लीला आनंद झाला. एक फेटा बांधायचा हुता."

"वा! बांधा की."

दिनकरराव वाईट माणूस नव्हते, हे मी आजही म्हणते. त्यांना मनापासून बरं वाटलं होतं. ते उंच खुर्चीतून उठून साध्या खुर्चीत बसले आणि तात्यांपुढं मान खाली घातली. मी बशीरभाईंकडं बघितलं. म्हातारा म्हणाला तसंच झालं की!

तात्यांचे हात कापडाला लागले आणि त्यांची थरथर थांबली. पीळ देत, एकावर एक वेढे घेत त्यांनी मिनिटभरात असं काही कापड फिरवलं की सगळं सभागृह बघत राहिलं. माझ्यासारखीच त्यांनाही सवय, काम करताना टाचण्या ओठांत धरायची. ते बोलणार कसे? बशीरभाई घसा खाकरत होते. शेवटची टाचणी लागली तसं तात्या वाकले आणि सभापतींच्या कानाशी म्हणाले, "सायेब, एक सांगायचं हुतं…"

"आधी तुरा सरळ करा, फोटो काढायचाय," दिनकरराव म्हणाले.

फोटो निघाला. नारळ दिला. टाळ्या पडल्या. आणि तेवढ्यात टेबलाच्या टोकाला बसलेले एक जाडे नगरसेवक म्हणाले, "सभापतींनाच होय? आम्ही काय परके?"

आमच्याकडं हे असंच. एकाला मान दिला की दुसरा रुसणार. लग्नात अशी माणसं असतात म्हणून तात्या गाठोड्यात नेहमी जास्तीचे फेटे ठेवायचे. त्यांनी दुसरा काढला. जाड्या नगरसेवकांचं होतंय तोवर शेजारचे सरसावून बसले. मग एक नगरसेविका म्हणाल्या, "बायकांना चालत नाही असं कुठं आहे? मिरवणुकीत मी बांधलेला की." सगळे हसले. शिक्षण मंडळाचे अधिकारी आधी नको नको म्हणाले आणि मग टोपी काढून बसले.

"तात्या, बोला," मी मागून म्हटलं. हळू म्हटलं, पण सगळ्यांना ऐकू गेलं. तात्यांनी माझ्याकडं बघितलं. ओठांत टाचण्या, हातात कोणाच्या तरी डोक्यावरचं अर्धं कापड. ते सोडायचं कसं? अर्धा फेटा सोडून त्यांनी जन्मात हात काढला नव्हता.

"तात्या!" बशीरभाई उठलेच. "अहो, वेळ चाललाय!"

सभापतींनी घड्याळाकडं बघितलं. "हो, ते राहिलंच. तात्या, अर्जात लिहिलंय, तुम्हाला बोलायचंय. बोला. दोन मिनिटं आहेत."

तात्यांनी हातातल्या फेट्याचं टोक कसंबसं खोचलं आणि ओठांतल्या टाचण्या काढून हातावर घेतल्या. टेबलाकडं बघितलं. त्यांच्याच हातचे फेटे घातलेली ती सगळी माणसं त्यांच्याकडं कौतुकानं बघत होती. मी मनात म्हणत होते, वैजू म्हणा, नुसतं वैजू म्हणा, पुढचं आपोआप येईल.

तात्यांनी हात जोडले.

"सायेब," ते म्हणाले. "आपण मोठी माणसं. आम्ही गरीब. आपली किरपा असूद्या."

आणि ते थांबले. तोंड उघडं होतं, पण पुढं काही येईना. सत्काराला उभं राहून माणूस जे बोलतो तेच त्यांच्या तोंडून गेलं होतं. दुसरं तिथं उभं राहून काय बोलायचं असतं हे त्यांना कधी कुणी सांगितलंच नव्हतं.

"असणारच!" दिनकरराव म्हणाले. "तुमची कृपा, आमची कृपा!"

पुन्हा टाळ्या. घोंगड्यांनी घंटी वाजवली.

मी उठून उभी राहिले. "सभापती साहेब, त्यांना शाळेचं बोलायचं होतं. अकरा नंबरच्या."

"ताई, अर्जावर नाव तुमचं आहे का?"

"नाही. पण…"

"मग बसा. नियम सगळ्यांना सारखा. तात्यांना वेळ दिला की नाही आम्ही?"

"दिला, पण फेटे बांधण्यात गेला तो!"

"ते आम्ही मागितले होते का?"

आम्हीच आणले होते. मी बसले. राग कुणाचा आलाय तेच कळत नव्हतं.

विषय वाचले जाऊ लागले. गटारं, दिवाबत्ती, एका चौकाचं नामकरण. मग अकरा नंबरची शाळा तीन नंबरमध्ये घालणे आणि मोकळ्या होणाऱ्या इमारतीच्या जागी लग्नकार्यांसाठी सभागृह बांधणे. अधिकारी फेटा सावरत उभे राहिले. पट कमी, खर्च जास्त, सभागृहामुळं परिसराची सोय.

"कोणाची हरकत?" सभापतींनी विचारलं आणि स्वतःच म्हणाले, "आज परिसरातले नागरिक जातीनं आले. सत्कार केला, आनंद व्यक्त केला. स्थानिकांचा विरोध नाही, अशी नोंद घ्या."

"विरोध आहे!" मी ओरडले. "आम्ही त्यासाठीच आलोय! एक मुलगी आहे तिथं, पायानं अधू आहे, तिला तो रस्ता ओलांडता येत नाही!"

"त्या मुलीची सोय करू. रिक्षा लावू. तीही नोंद घ्या," सभापती म्हणाले. आवाजात चीड नव्हती. मग त्यांनी तात्यांकडं बघितलं आणि हसले. "आणि तात्या, आता तुमच्या दारातच लग्नं लागणार. तुमचाच धंदा वाढतोय की!"

सगळे खो खो हसले. तात्याही हसले. लग्नमंडपात मोठी माणसं थट्टा करतात तेव्हा हसायचं असतं, तसे. मला ते बघवेना.

"मंजूर?"

"मंजूर, मंजूर."

टेबलाभोवती हात वर झाले. केशरी, गुलाबी, हिरवे फेटे आणि त्यांच्या बाजूनं हात. शिपायानं माझ्या खुर्चीजवळ येऊन सांगितलं, "ताई, बाहेर चला, सभेत ओरडायचं नसतं." बशीरभाईंनी मला दंडाला धरून बाहेर नेलं, नाहीतर मी आणखी काही बोलले असते. जिन्यात ते भिंतीला टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "वहिनी, आपण त्या माणसाला कुठं नेऊन उभं केलं हो?"

परत येताना तात्या पुढं चालत होते, रिकामं गाठोडं काखेत मारून. फेटे परत मागायचं त्यांनाही सुचलं नव्हतं आणि द्यायचं तिकडं कुणाला सुचलं नव्हतं. मला त्यांचा इतका राग आला होता की गळा धरून हलवावं. आणि त्यांची पाठ बघून रडूही येत होतं. दोन्ही एकदम.

वैजू दारात उभी होती, चौकटीला धरून.

"बोललात?"

तात्या थांबले. आमच्याकडं वळून बघितलं नाही. "बोललो की."

"सगळं?"

"सगळं बोललो."

"रस्त्याचं पण?"

"व्हय. रस्त्याचं बी."

तिनं माझ्याकडं बघितलं. मी तोंड उघडलं होतं, पण शब्दाच्या आधी बशीरभाई बोलले. "बोलले, बेटा. टाळ्या पडल्या."

वैजूचा चेहरा फुलला. "मग? राहणार शाळा?"

तात्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिला आत घेऊन गेले. मग दार लागलं.

मी स्वस्थ बसले नाही. पुढच्या सभेला पुन्हा अर्ज घेऊन गेले, या वेळी माझ्या नावाचा. घोंगडे म्हणाले, "ताई, तो विषय झाला. जे विषय सभेपुढं आहेत त्यांच्यावरच नागरिकांना बोलता येतं." मग पुढं कोणता विषय आहे, तर गार्डनमधल्या बाकांचा. त्यावर बोला म्हणाले, दहा मिनिटं आहेत. वरच्या साहेबांकडं गेले, ते म्हणाले, स्थानिकांनी स्वागत केलं अशी नोंद आहे. महापौरांकडं गेले, त्या भेटल्या नाहीत.

जूनला शाळेला कुलूप लागलं. रिक्षा काही आली नाही. विचारायला गेलं की पुढच्या महिन्यात, असं सांगायचे. बशीरभाईंनी तात्यांच्या सायकलला मागं एक खुर्ची बसवून दिली, पाय ठेवायला फळी लावली. म्हातारा ती सायकल ढकलत तिला बायपासपलीकडं न्यायचा. सकाळी न्यायचा, दुपारी आणायचा. पावसाळ्यात एकदा एसटी अगदी अंगाला घासून गेली आणि सायकल खड्ड्यात कलंडली. वैजूला फारसं लागलं नाही. पण तात्या तिथं रस्त्याच्या कडेला बसले ते उठेचनात. दिवाळीनंतर ती शाळेत गेली नाही.

"आजोबांना दम लागतो," ती मला म्हणाली. "मी घरी वाचते."

वाचायला काय होतं घरात? कॅलेंडर आणि पाचवीचं पुस्तक.

सभागृह उभं राहिलं. पहिलं लग्न लागलं त्या दिवशी वरबाप तात्यांच्या दारात आला. मला वाटलं, आता तात्या त्याला हाकलून देणार. ते त्याच्याबरोबर गेले. "पोट हाय, शालन," म्हणाले. चौथीचा वर्ग होता त्या जागी वरपक्षाची खोली होती. तिथं बसून त्यांनी फेटे बांधले. बायकांचं आत हळदीकुंकू चाललेलं आणि बाहेर बँड. वैजू खिडकीत बसून ऐकायची. तिला गाणी सगळी पाठ झाली.

तात्या गेले त्याला आता खूप वर्षं झाली. बशीरभाईही नाहीत. वैजू माझ्या दुकानात बसते. हुक, काज, फॉल, हातशिलाई. तिच्या हाताला एक टाका इकडचा तिकडं होत नाही. मापाचे आकडे ती डोक्यात ठेवते आणि कधी चुकत नाही. ती काय झाली असती, हा विचार मी करत नाही. केला की काम होत नाही.

परवा एक मुलगी ब्लाऊज घ्यायला आली. शिकलेली, चुणचुणीत, आमच्या प्रभागातल्या पाण्याच्या प्रश्नावर काहीतरी करते. "काकू," ती म्हणाली, "आता समितीच्या सभेत नागरिकांना बोलता येतं. ऑनलाईन अर्ज करायचा. तुम्ही जुन्या रहिवासी, तुम्ही या ना! लोक येतच नाहीत हो, तीच अडचण आहे."

"ब्लाऊज गुरुवारी मिळेल," मी म्हटलं.

"अहो काकू, पण…"

"आमचे आजोबा बोलले होते," वैजू म्हणाली. सुई चालूच होती. "पूर्वी. माझ्या शाळेसाठी. टाळ्या पडल्या होत्या."

"खरंच? मग?"

"मग काही नाही."

मुलगी थोडी ओशाळली, पैसे देऊन गेली. वैजूनं दोरा दातानं तोडला आणि कापड मांडीवर ठेवलं. इतक्या वर्षांत तिनं मला हे कधी विचारलं नव्हतं.

"काकू, तुम्ही होतात तिथं. आजोबा नेमकं काय बोलले हो? मला ते कधी सांगायचे नाहीत. नुसतं म्हणायचे, सगळं बोललो."

माझ्या ओठांत टाचण्या होत्या. त्या काढून मी डबीत टाकल्या.

"उठून उभे राहिले," मी म्हटलं. "म्हणाले, माझी नात चौथीत आहे, वर्गात पहिली येते. तिचा पाय अधू आहे. बायपासचा रस्ता तिला ओलांडता येत नाही. शाळा गेली तर तिचं शिकणं थांबेल. तेवढी शाळा राहू द्या."

"असं म्हणाले?"

"असंच."

"घाबरले नाहीत?"

"अजिबात नाही."

वैजूनं माझ्याकडं बघितलं. तिच्या चेहऱ्यावर अभिमान होता, मी तो स्पष्ट बघितला. मग हळूहळू तो गेला.

"इतकं नीट सांगितलं त्यांनी," ती म्हणाली, "तरी बंद केली?"

"हो गं," मी म्हटलं. "तरी बंद केली."